डाळ सोडलेल्या वाणीबाई

वाणीबाईंच्या गळ्यात मंगळसूत्र कधी आलं नाही, पण शिवणाची टेप मात्र अंघोळ झाल्यापासून झोपेपर्यंत असायची. धुळ्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या शिवणकाम शिकवायच्या आणि मी विज्ञान. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी. नवी बाई रुजू झाली की बाकीच्या तिचं नाव-गाव विचारत बसायच्या. वाणीबाई तिला एकदा वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि म्हणायच्या, "छत्तीस. आणि बाही ढगळ घालू नका हो, शोभत नाही तुम्हाला." ती बिचारी लाजून चूर. कुणी हटकलंच तर वाणीबाई गळ्यातली टेप काढून तिथल्या तिथं माप घ्यायच्या, आणि ते छत्तीसच निघायचं. "टेप खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुख्याध्यापकांनी यंदा निकाल चांगला लागणार म्हटलं, तरी या मागून पुटपुटणार, "टेप लावून बघू."

स्वतः बाई चांगल्या ऐसपैस होत्या. त्याची त्यांना ना खंत ना खेद. "माझ्या एका ब्लाउजात तुमचे दोन निघतील, चौधरीबाई, आणि वर एक पिशवी," असं मलाच ऐकवायच्या आणि सगळं अंग हलवत हसायच्या. त्या हसल्या की टेबलावरचे चहाचे कप वाजायचे.

आणि खाणं! डब्यात कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली, आणि दुसऱ्या पुडात घोटलेली उडदाची डाळ. लसणाची फोडणी, वरून कच्चं तेल. झाकण उघडलं की गणिताच्या बाईंची बोटं आपोआप तिकडे वळायची. डब्यात डाळ नेहमी दोघींना पुरेल एवढी असायची, कारण डाळीला तोटाच नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ मधू नशिराबादला राहायचा आणि जळगावच्या एका डाळमिलमध्ये फोरमन होता. दर महिन्याला अक्कासाठी एक पिशवी घेऊन यायचा. आला की कपड्यांना, भुवयांना डाळीची पिवळी भुकटी. वाणीबाई पदरानं त्याच्या भुवया पुसायच्या. दोन पोरांचा बाप तो, पण मान पुढे करून उभा राहायचा.

त्यांची आई गेली तेव्हा मधू रांगत होता. अक्कानंच त्याला वाढवलं, शिकवलं, इंदूशी त्याचं लग्न लावून दिलं. या भानगडीत स्वतःचं राहून गेलं. त्याबद्दल एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "माझं पोर मला आयतं मिळालं, मग नवरा कशाला हवा?"

एका वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी मला समतोल आहाराचा तक्ता हवा होता. बाजारचे तक्ते पाहून वाणीबाईंनी नाक मुरडलं. त्यांनी मांजरपाटाच्या कापडावर स्वतः एक तक्ता केला. अक्षरं भरतकामाची, आणि चित्रांऐवजी खरे दाणे, टाचलेले आणि डिंकानं चिकटवलेले. प्रथिनांच्या चौकटीत तूर, मूग, उडीद, हरभरा, सगळे मधूच्या मिलमधले. खाली लाल दोऱ्यानं लिहिलं होतं, 'शरीर बांधण्यासाठी'. आम्हाला बक्षीस मिळालं. तक्ता प्रयोगशाळेत लागला आणि तिथंच राहिला. हे आधी सांगते आहे, कारण पुढं काय झालं ते सांगताना तो तक्ता मला विसरता येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मधूचं तोंड सुजायला लागलं. आधी सगळ्यांना वाटलं, अंगानं भरलाय. मग पाय सुजले, मग उलट्या. जळगावच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं आणि तिथं कळलं की दोन्ही किडन्या गेल्यात. औषधावर आणि पथ्यावर थोडे दिवस निघतील, पुढं रक्त शुद्ध करणारं डायलिसिसचं मशीन, आणि खरा उपाय म्हणजे घरातल्या कुणी एक किडनी द्यायची. इंदूचं रक्त जुळलं नाही. वाणीबाईंचं सगळं जुळलं.

मुंबईहून परत आल्या तेव्हा स्टाफरूममध्ये मी एकटीच होते. बाई खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यांदा मी त्यांना आवाज खाली आणून बोलताना ऐकलं. "सगळं जुळतंय हो. पण डॉक्टर म्हणाले, या वजनात तुम्हाला टेबलावर घेणार नाही. पंधरा किलो उतरवा, मग या. माझी किडनी चांगली आहे, चौधरीबाई, आणि ती माझ्याच चरबीत अडकून पडलीय." मग टेप काढून त्यांनी कमरेला लावली. दोन टोकं भेटता भेटता भेटली.

मी म्हटलं, "उतरेल हो, त्यात काय. आपण रोज फिरायला जाऊ."

त्या आधीच ठरवून आल्या होत्या. मधूला मुंबईच्या डॉक्टरांनी जे जे बंद केलं त्यात सगळ्यात वर डाळ होती, मग दूध-दही. डाळमिलमधला माणूस, आणि डाळ बंद. पहिल्या दिवशी ताटात नुसता भात पाहून तो पोरासारखा रडला म्हणे. त्याच संध्याकाळी वाणीबाईंनी देवापुढं दिवा लावून सांगितलं, मधूच्या ताटात डाळ पडत नाही तोवर माझ्याही ताटात पडणार नाही.

आपल्याकडे बायका सोडतात. कुणी भेंडी सोडते, कुणी आंबा, कुणी गोड. माझ्या आईनं माझ्या टायफॉइडपायी केळं सोडलं ते शेवटपर्यंत. त्यात मला काही नवल वाटलं नाही. उलट त्यांच्या मनाला धीर आला असेल, असंच वाटलं. पण खान्देशात डाळ सोडायची म्हणजे खायचं काय? कळण्याच्या भाकरीत उडीद, म्हणून ती गेली. शेवभाजीत बेसन, म्हणून ती गेली. पातोड्या, डुबुकवडे, पापड, बट्टीवरचं वरण, सगळं गेलं. मधूला नाही म्हणून दही-ताक त्यांनी आपणहून सोडलं. उरलं काय, तर भात, ज्वारीची कोरडी भाकरी, दुधी आणि काकडी. "बरंच झालं की," म्हणाल्या, "नवसही होईल आणि वजनही उतरेल. एका टाक्यात दोन्ही शिवलं."

पहिल्या महिन्यात खरंच उतरलं. रोज पहाटे देवपुरातून निघून आम्ही पुलावरून एसटी स्टँडपर्यंत चालत जायचो. स्टँडवर रंगीत दिव्यांचं वजनाचं मशीन होतं. नाणं टाकलं की चक्र गरगरायचं आणि खटकन तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. वाणीबाई डोळे मिटून तिकीट माझ्या हातात द्यायच्या. "वाचा." मी आधी मुद्दाम भविष्य वाचायची, 'तुम्हाला लवकरच परदेशगमनाचा योग आहे,' आणि त्या ओरडायच्या, "अहो, वजन वाचा, मेलं परदेश!" काटा खाली आलेला असायचा. मग त्या नशिराबादला पत्र टाकायच्या. ब्लाउज उसवून आत घ्यायच्या, नवी टीप मारायच्या, आणि वर्गातल्या पोरींना दाखवायच्या की टीप कशी सरकवतात.

मग काटा थांबला. आणि बाईंचे हाल सुरू झाले.

त्यांना भूक आवरेना. सकाळी भात खाऊन यायच्या आणि दुसऱ्या तासाला हात थरथरायचे. सुईत दोरा जाईना. दिवसभर नेट धरायच्या आणि संध्याकाळी घरी गेल्यावर पातेलंभर भात खायच्या, खाऊन झाल्यावर रडायच्या. "भातानं पोट फुगतं हो, भरत नाही," मला म्हणाल्या. मग शिक्षा म्हणून उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार. उपासाला साबुदाणा आणि बटाटा! मी डोक्याला हात लावला. आमची शिपाईण सखूबाई सगळ्या स्टाफसमोर म्हणाली, "बाईस्नी बठ्ठं सोडी दिन्हं, आते काय चहावर जगतीन का?" बठ्ठं म्हणजे सगळंच. कुणी हसलं नाही.

मी त्यांना हाताला धरून प्रयोगशाळेत नेलं आणि त्यांच्याच तक्त्यासमोर उभं केलं. "हे कुणी शिवलं? वाचा काय लिहिलंय." मी तावातावानं सांगितलं की बाई, डाळ खाल्ली की पोट तासन्‌तास धरून राहतं, भूक दबते, म्हणून वजन उतरवणाऱ्यानं तीच आधी खायची. ती नाही मिळाली तर शरीर चरबीला हात न लावता आपलंच मांस खात सुटतं. तुम्ही बारीक होत नाही, तुम्ही झिजताय. वाणीबाईंनी तक्त्यावरच्या तुरीवरून बोट फिरवलं. एक दाणा सैल झाला होता, तो दाबून बसवला.

"सगळं पटतंय," म्हणाल्या. "पण मी मोडलं आणि तिकडे त्याला काही झालं, तर मी कुठं तोंड दाखवू?"

"देवाला काय डाळीचं एवढं पडलंय?"

"देवाला नसेल. मला पडलंय."

मला असा संताप आला! देवाचा, त्यांचा, मुंबईच्या डॉक्टरांचा, सगळ्यांचा. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याच माझ्या दारात उभ्या, टेप गळ्यात. फिरायला.

पुढच्या महिन्यात स्टँडवरच्या मशीननं वजन वाढलेलं दाखवलं. पुन्हा नाणं टाकलं, पुन्हा तेच. बाईंचा चेहरा उतरला. कुणाशी न बोलता त्यांनी भातही अर्धा केला. पुढल्या वेळी आणखी वाढलं. त्या दिवशी त्या स्टँडच्या बाकावर बसल्या आणि टेप काढून पायाला लावली. घोट्याचं माप वाढलं होतं. "मी काही खात नाही हो," असं म्हणून त्या सगळ्या प्रवाशांसमोर हमसून हमसून रडल्या. "आईशप्पथ काही खात नाही. आणि टेप तर खोटं बोलत नाही!"

मी त्यांच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

धुळ्यातल्याच एका लेडी डॉक्टरांकडे त्यांना ओढत नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर तरुण होत्या, पण त्यांनी कसलाही आडपडदा ठेवला नाही. "बाई, ही चरबी नाही, हे पाणी आहे. रक्तातलं प्रोटीन इतकं खाली गेलंय की पाणी अंगात उतरतंय. तुमचं मांस झडलंय, चरबी बरीचशी जागच्या जागी आहे. अशा अंगातून कुठलाही सर्जन किडनी काढणार नाही, वजन कितीही उतरवा. दोन्ही वेळा डाळ, मोडाचे मूग, ताक, पनीर, चालत असेल तर अंडं. भात कमी. मग भूकही राहणार नाही आणि उतरेल ती चरबीच."

वाणीबाई मान खाली घालून ऐकत होत्या. बाहेर आल्यावर फक्त एवढंच म्हणाल्या, "म्हणजे द्यायचं असेल तर खाल्लं पाहिजे. आणि त्याच्यासाठी तर मी सोडलंय." दवाखान्याच्या पायरीवर त्या किती वेळ बसून राहिल्या. मी समजावलं, ओरडले, हात जोडले. बाई हलेनात. तेव्हा मी ठरवलं की आता हे त्यांच्या हातचं राहिलेलं नाही, आणि रविवारी त्यांना घेऊन सरळ जळगावची गाडी पकडली.

नशिराबादला मधू ओट्यावर बसला होता. भुवया स्वच्छ, मिलमध्ये जाणं बंदच झालं होतं त्याचं. काळवंडलेला, पण अक्काला पाहून उठायला गेला. मग तिच्या पायांकडे लक्ष गेलं आणि तसाच खाली बसला. "अक्का, हे काय? माहे पाय तुह्या अंगाले कसे लागले?"

मीच सगळं सांगितलं. नवस, भात, सूज, डॉक्टर, सगळं. मधूला त्या नवसाची काही कल्पनाच नव्हती. आवाज जराही न चढवता तो म्हणाला, "मले इचारलं का तुनं? माह्यासाठी सोडलं अन् मलेच सांगितलं नाही?"

"सांगितलं तर फळत नाही," वाणीबाई म्हणाल्या.

मधूनं आत हाक मारली. "इंदू, पानं घे. पोराईसाठी डाळ केली असशीन ना? आण इकडे." इंदू दचकली, घाबरली. "अहो, तुम्हाला बंद आहे," म्हणाली. तो म्हणाला, "आण म्हटलं ना."

ताटं वाढली. मधूनं स्वतः पळी घेतली आणि आपल्या ताटात चमचाभर घोटलेली डाळ वाढून घेतली. वाणीबाई "नको, नको रे" म्हणत त्याचा हात धरायला गेल्या. त्यानं तो बाजूला केला. बोटानं डाळ चाटली आणि डोळे मिटले. मिलमधला माणूस तो, किती दिवसांनी ती चव घेत होता.

"पाह्य," म्हणाला, "पडली माह्या ताटात डाळ. फिटला तुहा नवस. आता खाय."

इंदूनं त्यांच्या ताटात डाळ वाढली. वाणीबाईंनी घास केला आणि तोंडाशी नेला. खाल्ला. मग दुसरा. रडताना खाता येत नाही म्हणतात, पण त्या दिवशी मी पाहिलं की येतं. मधू समोर बसून एकेक घास बघत होता, जणू तोच जेवत होता. त्यांचं ताट संपल्यावर म्हणाला, "आता माह्या गळ्याची आण आहे अक्का. मी राहिलो, नाही राहिलो, माह्या पायी पुन्हा काही सोडायचं नाही."

"असं अभद्र बोलू नको."

"आण घे आधी." त्यांनी घेतली.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं, इतके चांगले होते ते. डब्यात पुन्हा डाळ आली. मोडाचे मूग, ताक, आणि एक दिवस स्टाफरूमच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बाईंनी उकडलेलं अंडंसुद्धा खाल्लं. नाक धरून. "वाण्याच्या घरात जन्मले आणि कोंबडीचं पाप केलं," म्हणाल्या, पण खाल्लं. पायांची सूज उतरली. हात थरथरायचे थांबले. संध्याकाळची ती खा-खा गेली. स्टँडवरचं मशीन आठवड्याला थोडं थोडं खाली येऊ लागलं, आणि या वेळी चालताना त्या दमत नव्हत्या. मुंबईला दाखवून आल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं उतरू द्या, दिवाळी झाली की करू.

पण तिकडे मधूला नाशिकला डायलिसिसच्या मशीनवर घालायची वेळ आली. आठवड्यातून दोनदा रेल्वेनं जायचं, दुसऱ्या दिवशी परत. दसऱ्याच्या आधी असाच परत येताना गाडीत खिडकीला डोकं टेकून झोपला. जळगाव आल्यावर इंदूनं हलवलं, तर उठला नाही.

मी गेले होते. वाणीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघितल्यावर कानाशी येऊन एकच विचारलं, "त्या चमच्यानं तर नाही ना?" मी म्हटलं, "नाही हो बाई, एका चमच्यानं काही होत नाही." तेवढ्यावर त्यांना पटेना, म्हणून नंतर मी त्या लेडी डॉक्टरांकडूनही वदवून घेतलं. बाईंनी मान हलवली. पटलं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेराव्याला पंगतीत भावकीतली एक म्हातारी त्यांच्या शेजारी बसली होती. आपल्याकडे रीतच आहे, गेलेल्याच्या नावानं काहीतरी सोडायचं. तिनं विचारलं, "काय सोडलंस गं भावाच्या नावानं? डाळ सोडली असशील. त्याची आवडती." सगळ्या बायकांनी कान टवकारले. पानात वरण वाढलेलं होतं.

"काही सोडलं नाही," वाणीबाई म्हणाल्या आणि वरणभात कालवला. म्हातारीनं तोंड फिरवलं. बाजूला कुजबुज झाली, की बघा, सख्खी बहीण आणि केवढी खाते. मला उठून एकेकीच्या कानाखाली द्यावी असं वाटलं.

वर्ष संपल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि इंदू आणि पोरांपाशी नशिराबादला राहायला निघाल्या. मी स्टँडवर पोचवायला गेले. शिवणाचं मशीन गाडीच्या टपावर चढलं होतं. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून त्या वजनाच्या मशीनवर जाऊन उभ्या राहिल्या. तिकीट पडलं. या वेळी त्यांनी ते माझ्याकडे दिलं नाही, स्वतः वाचलं. मग माझ्यासमोर धरलं. पंधरा उतरले होते, वर एक.

"उतरलं हो," म्हणाल्या. "सगळं उतरलं. आता कुणाला देऊ?"

कंडक्टरनं घंटी मारली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या, मांडीवर डबा घेतला. गाडी मागे घेतानाच त्यांनी झाकण उघडलं. भाकरी आणि डाळ. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसत नव्हत्या, कारण एका हातात डबा होता आणि दुसऱ्यानं त्या घास घेत होत्या. गाडी फाटकातून वळली तेव्हाही वाणीबाई जेवतच होत्या.